डीपीच्या ऑइलमधला क्लोरीन : प्रकल्प नोंदी, छत्रपती संभाजीनगर

२ डिसेंबर २०२४

काम कशाचं ते आधी. जुन्या ट्रान्सफॉर्मर ऑइलमध्ये मिसळलेले पीसीबी, म्हणजे पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल, विजेच्या मदतीने मोडता येतात का आणि किती खात्रीने, हे छोट्या सेलमध्ये पाहायचं. मोडणं म्हणजे कार्बन-क्लोरीन बंध तोडायचा, त्या जागी हायड्रोजन बसवायचा आणि क्लोरीन साध्या क्लोराइडच्या रूपात पाण्यात आणायचा.

आपल्याकडच्या बहुतेक डीपींमध्ये, म्हणजे वस्तीतल्या वीज वितरणाच्या ट्रान्सफॉर्मरांमध्ये, मूळचं खनिज तेलच असतं. पीसीबी त्यात शिरतात ते बहुधा वापरातून: एकाच फिल्टर मशीनवर आज एक, उद्या दुसरा ट्रान्सफॉर्मर, आणि टॉप-अपला कुठल्या तरी ड्रममधलं ऑइल. ५० मि.ग्रॅ. प्रति किलोच्या वर गेलं की ते पीसीबीचं ऑइल धरलं जातं. स्टॉकहोम करार २००४ पासून लागू आहे, भारताने २००६ मध्ये तो मान्य केला, आणि २०१६ च्या केंद्राच्या आदेशानुसार पीसीबी असलेली उपकरणं ३१ डिसेंबर २०२५ नंतर वापरता येणार नाहीत. ऑइल उघड्यावर जाळणं हा तर सगळ्यात वाईट मार्ग, त्यातून डायॉक्सिन आणि फ्युरान ही अतिविषारी संयुगं तयार होतात. तांब्याची तार ऑइलमध्ये बुडवून ज्योतीत हिरवा रंग पाहण्याची जुनी चाचणीही याच कारणाने या लॅबमध्ये बंद.

खरे पीसीबी हाताळायची परवानगी आणि सोय दोन्ही नाही. त्याऐवजी १,२,४-ट्रायक्लोरोबेंझीन (पुढे टीसीबी). जुन्या अ‍ॅस्करेल द्रवांत (ट्रान्सफॉर्मरमध्ये भरायचे पीसीबीचे न पेटणारे द्रव) पीसीबी पातळ करायला हेच वापरत, त्यामुळे पर्याय ओढूनताणून आणलेला नाही.

नमुना ऑइल: नवं ट्रान्सफॉर्मर ऑइल १०० ग्रॅम, त्यात टीसीबी १०० मि.ग्रॅ. म्हणजे ०.५५१ मिलीमोल टीसीबी आणि १.६५३ मिलीमोल क्लोरीन. एका बंधाला २ इलेक्ट्रॉन धरले तर ३१९ कूलोंब पुरे, ०.२ अँपिअरवर २७ मिनिटं. प्रत्यक्षात यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागणार, कारण कॅथोडवर जास्तीत जास्त वीज हायड्रोजन वायू बनवण्यातच जाते.

टीसीबी १७ अंशांना गोठतं. आज सकाळी बाटलीत अर्धा दगड, अर्धं पाणी. कोमट पाण्यात ठेवून पूर्ण वितळवलं, हलवलं, मगच वजन केलं. अर्धवट वितळलेल्यातला वरचा द्रव घेतला तर त्यात बाकीच्या आयसोमरचा (अणू तेच, क्लोरीनच्या जागा वेगळ्या) अंश जास्त येतो.

६ डिसेंबर

सेल जोडला. पॉलिप्रॉपिलीनचे दोन ठोकळे वाळूजच्या टर्नरकडून कापून आणले. प्रत्येकात ४ × ५ सेंमीचा, ६ मिमी खोल कप्पा, म्हणजे २० चौ. सेंमी. मध्ये नॅफिऑन ११७ मेम्ब्रेन. कॅथोड ६ मिमी कार्बन फेल्ट, पाठीला ग्रॅफाइटची पाटी. ॲनोड इरिडियम ऑक्साइडचा लेप असलेली टायटॅनियम जाळी. कॅथोडच्या बाजूला टायटॅनियम लावायचं नाही, हायड्रोजन खाऊन ते ठिसूळ होतं. ८ बोल्ट, समोरासमोरचे आळीपाळीने आवळले.

मेम्ब्रेन का? एकाच भांड्यात दोन्ही इलेक्ट्रोड ठेवले तर कॅथोडवर सुटलेलं क्लोराइड ॲनोडवर जाऊन क्लोरीन बनतं आणि तो क्लोरीन पुन्हा ऑइलमधल्या ॲरोमॅटिकांवर बसतो. एका हाताने काढायचं, दुसऱ्याने घालायचं. नॅफिऑनमधून धन आयन जातात, क्लोराइड जवळपास अडतं. मेम्ब्रेनची तयारी नेहमीची: ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये तासभर उकळ, डिस्टिल्ड पाणी, ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्लात तासभर, पुन्हा पाणी. नंतर ओलीच ठेवायची. वाळली की आकसते आणि बोल्टखाली फाटते.

कॅथोडकडचा द्रव: ९० टक्के मेथेनॉल, १० टक्के पाणी (वजनाने), ०.१ मोलर सोडियम ॲसिटेट आणि तेवढंच ॲसेटिक आम्ल, एकूण १५० मिली. ॲनोडकडे ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्ल. ऑइल स्वतः विजेला अडवतं, त्याचं कामच ते. म्हणून ऑइल सेलमध्ये जातच नाही. शेजारच्या उभ्या काचेच्या भांड्यात ऑइल आणि मेथेनॉलचा थर हळू ढवळतात, टीसीबी मेथेनॉलमध्ये उतरतं, तेवढा मेथेनॉलचा थर पंपाने फेल्टमधून फिरतो.

भांड्यात पाहताना लक्षात ठेवायचं: इथे ऑइल खाली आणि मेथेनॉल वर. पाण्यावर तेल तरंगतं हे डोळ्यांत बसलेलं असतं, पण ९० टक्के मेथेनॉलची घनता ०.८२ आणि ऑइलची ०.८७. पंपाची नळी वरच्या थरात.

हायड्रोजन वेगळ्या नळीने, बर्फात ठेवलेल्या हेक्सेनच्या सापळ्यातून, हूडमध्ये (वाफा ओढून घेणारं कपाट). बंध पूर्ण तुटले तर टीसीबीचं बेंझीन होतं, १०० मि.ग्रॅ. मागे ४३ मि.ग्रॅ., आणि बेंझीन कर्करोगकारक आहे. सापळा नसेल तर सेल चालू करायचा नाही. मेथेनॉलचा फ्लॅश पॉइंट ११-१२ अंश, म्हणजे आपल्याकडे वर्षभर ते पेट घ्यायला तयार. हूडमध्ये हीटर, सोल्डर, मोबाइल चार्जर काही नाही.

११ डिसेंबर

फेल्टवर पॅलेडियम चढवलं. क्लोरीन काढून हायड्रोजन बसवण्याचं काम याच धातूवर होतं. फेल्ट मुळात पाणी धरत नाही, म्हणून आधी मफल फर्नेसमध्ये ४०० अंशांवर ४ तास, मग इथेनॉलने भिजवून पाण्यात. पॅलेडियम क्लोराइड ३३.३ मि.ग्रॅ. (म्हणजे धातू २० मि.ग्रॅ., १ मि.ग्रॅ. प्रति चौ. सेंमी). नुसत्या पाण्यात ते विरघळत नाही, ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात तपकिरी द्राव होतो. १० मिलीअँपिअरवर ३६ कूलोंब, साधारण तासभर. तपकिरी रंग जाऊन द्राव पाण्यासारखा झाला की पॅलेडियम फेल्टवर आलं. आमचा ७० मिनिटांनी झाला.

१७ डिसेंबर

कोरी फेरी. टीसीबी नसलेलं नवं ऑइल, बाकी सगळं तसंच, ०.२ अँपिअर, ६ तास. क्लोराइड शून्य यायला हवं होतं.

टायट्रेशन: कॅथोड द्राव ५ मिली, पाण्याने ५० मिली, थोडं नायट्रिक आम्ल, चांदीच्या तारेने विभव पाहत ०.०१ मोलर सिल्व्हर नायट्रेट. लागलं १.९० मिली. म्हणजे १५० मिलीत ०.५७ मिलीमोल क्लोराइड, नमुना ऑइलमधल्या एकूण क्लोरीनच्या एक तृतीयांशाहून जास्त, आणि तेही टीसीबीचा थेंब नसताना. ही फेरी न करता थेट कामाला लागलो असतो तर पहिल्याच दिवशी ३४ टक्के यश लिहून बसलो असतो.

कुठून आलं ते शोधलं. मोठा वाटा फेल्टचा. २० चौ. सेंमी × ०.६ सेंमी म्हणजे १२ घन सेंमी स्पंज, त्यात ११ मिली द्राव सहज राहतो. पॅलेडियमच्या अंघोळीतलं ०.१ मोलर आम्ल त्यात भरून राहिलं तर एकट्याचं १.१ मिलीमोल. आम्ही एकदाच बुडवून काढलं होतं. दुसरा वाटा रेफरन्स इलेक्ट्रोडचा, म्हणजे कॅथोडचं विभव ज्याच्या तुलनेत मोजतात त्याचा: सिल्व्हर क्लोराइडच्या इलेक्ट्रोडमधून पोटॅशियम क्लोराइड हळूहळू झिरपतं. तिसरा, काचेची भांडी शेवटी बोअरच्या पाण्याने विसळलेली. लॅबच्या बोअरमध्ये लिटरला २१० मि.ग्रॅ. क्लोराइड भरलं.

उपाय: फेल्टमधून गरम डिस्टिल्ड पाणी पंपाने ६ वेळा, शेवटच्या पाण्याच्या थेंबात नायट्रिक आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेट टाकून गढूळ होत नाही तोवर. रेफरन्स काढून टाकला, ठरावीक करंटवर त्याची गरज नाही. भांड्यांना शेवटचा हात डिस्टिल्डचा, हातमोजे घालून, कारण घामातही क्लोराइड असतं.

१९ डिसेंबर

कोरी फेरी दुसऱ्यांदा. ब्युरेट ०.०८ मिलीवर. चालेल.

२३ डिसेंबर

आता उलटी कोरी फेरी: टीसीबी आहे, करंट नाही. ४ तास नुसतं ढवळणं आणि पंप. ऑइल आणि मेथेनॉल दोन्हींमधलं टीसीबी मिळून ८१ टक्केच. क्लोराइड नाही. मग १९ टक्के गेलं कुठे? सेल उघडल्यावर उत्तर हातात आलं. ठोकळ्यांच्या सांध्यातलं ईपीडीएम रबराचं गॅस्केट २ मिमीचं २.६ मिमी झालेलं, बोटाने दाबलं तर स्पंजासारखं, आणि कापल्यावर आतून ऑइल. सिलिकॉनची पंपनळीही तेच करते. टीसीबी या रबरांमध्ये मुरतं.

ऑइलला ईपीडीएम चालत नाही, आणि साधं व्हिटॉन रबर मेथेनॉलमध्ये फुगतं. म्हणून गॅस्केट आणि नळ्या टेफ्लॉनच्या, पंप टेफ्लॉन डायफ्रॅमचा. टेफ्लॉन दबत नाही, गळतं. पृष्ठभाग एकदम सपाट लागतो. ठोकळे काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासले. नंतर करंटशिवायची बेरीज ९७ टक्के.

या दोन फेऱ्या रटाळ वाटतात, पण यांच्यावरच सगळं उभं आहे. ऑइलमधून टीसीबी नाहीसं झालं एवढ्याने ते मोडलं असं होत नाही. ते रबरात, फेल्टमध्ये, हवेत कुठेही जाऊ शकतं. क्लोराइड मोजलं तरच मोडलं.

२ जानेवारी २०२५

पहिली खरी फेरी. ०.२ अँपिअर, सेलवर ५.१ व्होल्ट, २६ अंश. ६ तास नीट चालली. टायट्रेशन उद्या. मेथेनॉल वाया जाऊ नये म्हणून तोच द्रव उद्या ताज्या नमुना ऑइलला वापरणार, आजचं क्लोराइड वजा करून.

३ जानेवारी

तोच द्रव वापरणं चुकलं. सव्वा तीन तासांनी व्होल्टेज ५.३ वरून चढू लागलं, अर्ध्या तासात ९ च्या वर. भांड्यात दोन थर दिसेनात, सगळं दुधासारखं. पंप बंद करून तासभर ठेवलं तरी वेगळं होईना.

हायड्रोमीटर टाकला: मेथेनॉलचा थर ०.८७. ऑइलही ०.८७. दोन्ही सारखे जड झाले तर कोण वर आणि कोण खाली? कालच्या बाटलीत राखून ठेवलेला नमुना मोजला, ०.८५.

कारण मेम्ब्रेन. नॅफिऑन मेथेनॉलला अडवत नाही, फुगून उलट मोकळी वाट देते. ताशी कित्येक ग्रॅम मेथेनॉल ॲनोडकडे जातं आणि हायड्रोजन आयनांबरोबर थोडं पाणी इकडे येतं. ९० टक्क्यांचं मेथेनॉल ८० वर आलं की घनता ०.८५, ७० वर ०.८७. थर मिसळले, पंपाने ऑइलचे थेंब ओढले, आणि कार्बन फेल्टला तर ऑइल आवडतंच. तंतूंवर ऑइलचा पापुद्रा बसला की तिथून वीज जात नाही. उरलेल्या थोड्या जागेतून सगळा करंट ढकलायला व्होल्टेज वाढतं.

फेल्ट वाचवला: हेक्सेन दोनदा, इथेनॉल, मग गरम पाणी. आता नियम असा: दर दोन तासांनी हायड्रोमीटर, ०.८३५ च्या वर गेलं की मेथेनॉल टाकून खाली आणायचं. ॲनोडचं आम्ल प्रत्येक फेरीला नवं. पंपाची नळी थराच्या सीमेपासून किमान ४ सेंमी वर.

९ जानेवारी

दुपारी लाईट गेली, दीड तास. यूपीएसवर पंप होता, पॉवर सप्लाय नव्हता. परत आली तेव्हा कॅथोडच्या द्रवाला फिकट तपकिरी झाक. पॅलेडियम विरघळलं.

करंट थांबला की सेल थांबत नाही, बॅटरीसारखा उलटा चालतो. पॅलेडियममध्ये भरलेला हायड्रोजन आणि ॲनोडवरचा ऑक्सिजन सप्लायच्या आतल्या वाटेने एकमेकांकडे जातात. हायड्रोजन संपल्यावर पाळी पॅलेडियमची, आणि द्रवात आता क्लोराइड असल्याने ते आयन होऊन सहज सुटतं. सेलच्या तारेत ३ अँपिअरचा सिलिकॉन डायोड (१एन५४०८) घातला. त्यावर पाऊण व्होल्टच्या आसपास खर्च होतात, म्हणून व्होल्टेज सप्लायवर नाही, थेट सेलच्या टोकांवर मोजायचं. पॉवर सप्लायही यूपीएसवर घेतला. वीज जाणार हे धरूनच मांडणी करायला हवी होती.

१६ जानेवारी

नवा फेल्ट, नवं पॅलेडियम, नवं ऑइल. ६ तासांनी ब्युरेट ४.९६ मिली, कोरी फेरी वजा करून. १.४९ मिलीमोल क्लोराइड, एकूण क्लोरीनच्या ९० टक्के. बाहेरच्या लॅबमधून ईसीडीवर (जीसी, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफचा क्लोरीन टिपणारा शोधक) टीसीबी ६ टक्के उरलेलं. बेरीज ९६. उरलेले ४ टक्के करंटशिवायच्या फेरीतल्या ३ टक्के तुटीच्या जवळपासच.

विजेचा हिशेब: एकूण ४,३२० कूलोंब, त्यातले क्लोरीन काढायला ६.७ टक्के. बाकीचा हायड्रोजन, जवळपास अर्धा लिटर. हा आकडा वाईट दिसतो, पण त्याने घाबरू नये. १ किलो ऑइलमध्ये ५० मि.ग्रॅ. पीसीबी असतील आणि त्यात ६० टक्के क्लोरीन असेल, तर लागणारी वीज १६३ कूलोंब. ४,००० मिलीअँपिअर-तासांच्या मोबाइल बॅटरीचा साधारण शंभरावा हिस्सा. वीस पट वाया गेली तरी खर्च विजेचा नाही. खर्च पॅलेडियम, मेम्ब्रेन आणि मेथेनॉलचा.

स्टार्च-आयोडाइडची पट्टी ॲनोडच्या नळीवर धरली: अगदी फिकट निळी. म्हणजे थोडं क्लोराइड मेम्ब्रेनमधून तिकडे जातंच. पुढे ॲनोडकडेही टायट्रेशन.

२७ जानेवारी

वापरलेलं ऑइल. पीसीबी नसल्याचा अहवाल हातात आल्यावरच डबा उघडला. रंग चहासारखा, वास आंबट. त्यात टीसीबी आधीच्याच मापाने. ६ तासांत क्लोराइड निम्मंही नाही, म्हणून फेरी १२ तासांपर्यंत नेली. व्होल्टेज पूर्ण वेळ ५.२, हायड्रोजन नेहमीसारखा. बाहेरून पाहिलं तर काहीच बिघडलेलं नाही.

३ फेब्रुवारी

दोन आकडे आले, आणि ते जुळत नाहीत. ईसीडी म्हणतो टीसीबी ७ टक्के उरलं, म्हणजे ९३ टक्के गेलं. ब्युरेट म्हणते ३.७३ मिली, १.१२ मिलीमोल, ६८ टक्के. चौथा हिस्सा क्लोरीन बेपत्ता. गॅस्केट ठीक, ॲनोडकडे किरकोळ.

नुसता जीसीचा अहवाल पाहिला असता तर ९३ टक्क्यांवर समाधान झालं असतं. ईसीडी क्लोरीनला भुकेला असतो खरा, पण रेणूवर जितके जास्त क्लोरीन तितकी त्याची नजर तीक्ष्ण. तीन क्लोरीनचं टीसीबी त्याला लख्ख दिसतं, एका क्लोरीनचं क्लोरोबेंझीन जवळजवळ दिसतच नाही.

शेजारच्या विभागाच्या एफआयडीवर (जीसीचाच दुसरा शोधक, ज्योतीत जळणारा कार्बन टिपणारा) तेच नमुने टाकले. क्लोरोबेंझीन १३२ अंशांना उकळतं, ऑइलचा डोंगर सुरू व्हायच्या कितीतरी आधी बाहेर येतं, त्यामुळे वाचायला अडचण नाही. ऑइलमध्ये, मेथेनॉलमध्ये आणि हेक्सेनच्या सापळ्यात, तिन्हीकडे त्याचं शिखर. डायक्लोरोबेंझीनही थोडं. तिन्ही ठिकाणचं मिळून बेपत्ता क्लोरीनचा मोठा भाग सापडला.

म्हणजे रेणू अर्धवट सोलले जाऊन सुटत होते. चांगल्या पॅलेडियमवर धरलेला रेणू सहसा बेंझीन होऊनच निघतो. इथे जागा कमी पडल्या, आणि त्या अडवल्या गंधकाने असा संशय. तांब्याची पट्टी वापरलेल्या ऑइलमध्ये १५० अंशांवर ४८ तास ठेवली: काळी. नव्या ऑइलमधली नारिंगीच राहिली. गंधक पॅलेडियमला घट्ट चिकटतं, हायड्रोजन मात्र उघड्या कार्बनवरून आणि उरलेल्या धातूवरून निघत राहतो, म्हणून व्होल्टेज काही सांगत नाही.

१० फेब्रुवारी

ऑइल आधी फुलर्स अर्थमधून गाळलं, मुलतानी मातीचाच प्रकार, ट्रान्सफॉर्मरवाले ऑइल सुधारायला हीच वापरतात. १०० ग्रॅमला १० ग्रॅम, ६० अंश, तासभर ढवळून. रंग उतरला, आंबटपणा गेला, पण तांब्याची पट्टी पुन्हा काळपट. आम्लं आणि गाळ मातीने धरले, डायसल्फाइडसारखं गंधक नाही.

म्हणून उपचार कॅथोडवरच. फेल्ट हेक्सेन, इथेनॉल, पाणी या क्रमाने धुऊन ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्लात घेतला, हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत १.३ व्होल्टपर्यंत ५ वेळा वर-खाली केला. गंधकाचं सल्फेट होऊन ते सुटतं, मग खाली आणून पॅलेडियम पुन्हा धातू. या वेळी क्लोराइडचा मागमूसही नको, नाहीतर १.३ व्होल्टवर पॅलेडियमच निघून जाईल. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब गढूळला तर वर न्यायचं नाही.

१८ फेब्रुवारी

माती आणि कॅथोडची धुलाई दोन्ही करून वापरलेल्या ऑइलची ६ तासांची फेरी: ब्युरेट ४.६३ मिली, १.३९ मिलीमोल, ८४ टक्के. एफआयडीवर क्लोरोबेंझीनचं शिखर राहिलंय, पण खुजं. धुलाईच्या आम्लात मात्र फिकट पिवळी झाक, म्हणजे प्रत्येक धुलाईला थोडं पॅलेडियम जातंय. ते आम्ल वेगळ्या बाटलीत साठवायचं, टाकायचं नाही.

मोकळं झालेलं ऑइल ट्रान्सफॉर्मरमध्ये परत घालण्यासारखं नाही. मेथेनॉल मुरल्याने फ्लॅश पॉइंट खाली येतो, धुऊन आणि व्हॅक्यूममध्ये वाळवून बीडीव्ही (किती व्होल्टला ऑइलचा विजेला अडसर तुटतो ते माप) काढेपर्यंत त्याला कचराच म्हणायचं. डबे चार: ऑइल, बेंझीन-क्लोरोबेंझीनचं हेक्सेन, क्लोराइडचं मेथेनॉल, फुगलेली गॅस्केट आणि फेल्टचे तुकडे. चौघांवर तारीख, घटक आणि फेरी क्रमांक लिहून घातक कचऱ्याच्या खोलीत ठेवले. हेक्सेनचा डबा झाकणाला टेफ्लॉन टेप लावून, खालच्या कप्प्यात, उन्हाच्या भिंतीपासून लांब. एप्रिलमध्ये ती भिंत संध्याकाळी सातलाही तापलेली असते.

पुढची फेरी २४ ला: फेल्ट तोच, तिसरी धुलाई, ब्युरेटवर दर तासाला.